फोम राहू दे, आधी वरची पोकळी बघा

‘तुम्ही फोमला नावं ठेवता, पण मी बेळगावात शहापुरातल्या माझ्या ऑफिसात भिंतभर लावला आणि फरक पडला. भाड्याच्या जागेत आवाज अडवायला भिंतीला बोर्ड कोण बसवणार?’ असं तुम्ही विचारलंय. फरक पडला असणारच. खोलीत आवाज घुमायचा कमी झाला, फोनवर बोलणं सुसह्य झालं. पण शेजारच्या वकिलांचं बोलणं अजून ऐकू येतंय, हेही तुम्हीच लिहिलंय. फोम घुमणं शोषतो. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं, आणि कुठं फट राहून चालत नाही. अंड्यांच्या ट्रेचंही तेच.

आपल्याकडं शहापुरात, खडेबाजारात ऑफिसं झालेली कितीतरी घरं मूळची कौलारू. चिऱ्याची भिंत चांगली जाडजूड, पण बऱ्याच ठिकाणी ती तुळईपाशी थांबते आणि वर कौलांखाली दोन्ही खोल्यांची पोकळी एकच असते. मागाहून फॉल्स सीलिंग मारलं की ती दिसत नाही एवढंच. प्लास्टर केलेली साडेचार इंची विटेची भिंतसुद्धा ४० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. पण भिंतीचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी सगळं मिळून २० च्या आसपासच अडतं. १० डेसिबल घटले की कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून काय ते बघा.

म्हणून वकिलांना मोबाईलवर बातम्या लावून ठेवायला सांगा. मग भिंतीशी, दाराखाली, स्विचबोर्डाशी आणि स्टुलावर चढून सीलिंगजवळ कान लावा. दाराला रबरी पट्टी आणि फटींना सीलंट, यात फार पैसे जात नाहीत.

आवाज वरूनच येत असेल, तर भिंतीच्या माथ्यापासून कौलांपर्यंत लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी बोर्ड आणि मधे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लादी. कौलाच्या नळ्यांत उरलेल्या फटीही बुजवायला हव्यात, तिथंच सुतार कंटाळा करतात. बोर्ड सिमेंट फायबरचाच घ्या. बेळगावच्या पावसात एखादं कौल सरकलं तरी जिप्सम फुगतो. पोकळी बंद झाली की वारा कमी होणार, तेव्हा बाहेरच्या भिंतीची खिडकी उघडती ठेवा.

यात तुमच्या भिंतीला खिळा लागत नाही. चौकट तुळईत बसते, तेवढी परवानगी घरमालकांकडून लिहून घ्या. आणि खर्चात वकिलांना निम्मे धरा. त्यांच्याकडं येणारी माणसं घरातली भांडणं, जमिनीचे वाद विश्वासानं सांगतात. ते तुमच्या टेबलापर्यंत पोचू नये, ही गरज त्यांची जास्त आहे.