हायपररिअलिस्टिक पाहिजे, पण सुरकुत्या नकोत!

गोव्यात फोंड्याला पोर्ट्रेटं करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला सध्या एका शब्दानं वात आणलाय. हायपररिअलिस्टिक! गिऱ्हाईक मोबाईल नाकासमोर धरतं, 'बाब, एकदम हायपररिअलिस्टिक करा हां!' आणि लगेच, 'रंग थोडा उजळ घ्या, गळ्याखालची कातडी लोंबतेय ती तेवढी काढा.' अरे, मग उरलं काय?

परवा एकांच्या आजोबांचं चित्र दिलं. जन्मभर कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, राबलेला म्हातारा. डोळ्यांखाली पिशव्या, कानातून डोकावणारे पांढरे केस, हनुवटीवर वस्तऱ्यातून सुटलेले खुंट. सगळं फोटोत होतं, तेच रंगवलं. घरच्यांनी तोंडं वाकडी केली. 'आजोबा आजारी दिसतात.' निमूट केस पुसले, गाल गुळगुळीत केले. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस: 'हायपररिअलिस्टिक आर्ट!' डोकं फिरणार नाही तर काय होणार?

हा शब्द म्हणजे 'एक नंबर'चा मोठा भाऊ नव्हे. १९७३ साली ब्रुसेल्समधल्या इझी ब्राशो या गॅलरीवाल्यानं तो आपल्या प्रदर्शनाला नाव म्हणून दिला. सगळी खोच त्या 'हायपर'मध्ये आहे. एरवी नजर जे सोडून देते ते सगळं अंगावर येईल इतकं दाखवायचं, वास्तवाहून जास्त. अमेरिकन चित्रकार चक क्लोजनं १९६८ पर्यंत स्वतःचाच चेहरा जवळजवळ नऊ फूट उंच रंगवला, दाढीचे खुंट आणि ओठातल्या सिगारेटीसकट. शिल्पकार रॉन म्यूएकनं वडिलांचं शव घडवलं. अंगावरचा केस न् केस खरा वाटतो, पण आकार मुद्दाम खऱ्याच्या दोन तृतीयांश! पोटात गोळा येतो तो त्यामुळे. त्याला कुणी 'बाबांना थोडे गोरे कर' म्हणालं असेल?

शिकलेल्यांची तर वेगळीच तऱ्हा. अतिवास्तववाद म्हणजे सर्रिअलिझम, फ्रेंच कवी ब्रेतोंच्या १९२४च्या जाहीरनाम्यातला, स्वप्नांचा आणि सुप्त मनाचा. पण प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे माझ्या म्हातारीच्या चित्रापुढे उभे राहून 'वा, अतिवास्तववादी!' म्हणाले आणि चहाकडे वळले. दिवाळीच्या आदल्या रात्री कागद चिकटवलेला, डोळ्यांत लाल बल्ब लावलेला नरकासुराचा पुतळा आमच्याकडे उभा राहतो, तोही म्हणे हायपररिअलिस्टिक. खरा नरकासुर बघितलाय कुणी, ताडून बघायला?

आता मी दोन दर लावलेत. सुरकुत्या ठेवून एक, काढून दुप्पट. आणि चित्रामागे काय लिहायचं ते मी ठरवणार.