दोन पानं रंगवली की हात बसतो?

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला तिघींनी पाठवला, एकीने तर "ताई, हे खरं का?" असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: मूल अडीच वर्षांचं झालं की त्याच्याकडून रोज दोन पानं रेषेच्या आत रंगवून घ्या. बोटांचे स्नायू बळकट होतात, पेन्सिल नीट धरता येते, पहिलीत अक्षर मोत्यासारखं येतं. पसारा नको असेल तर टॅबवर रंगवलं तरी चालतं.

रंगवण्याचा फायदा होतो, हे मी बालवाडीत रोज बघते. खडूवरचा दाब कमी-जास्त करणं, एका हाताने रंगवताना दुसऱ्याने कागद धरून ठेवणं, नजर आणि हात एकाच जागी आणणं, हे सगळं त्यात आहे. माझं भांडण आहे ते "अडीच वर्षं", "रोज दोन पानं" आणि "रेषेच्या आत" या शब्दांशी.

आधी ते "बोटांचे स्नायू". बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते तळहातात आणि कोपर ते मनगट या भागात असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या दोरीसारख्या कंडरा. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारखंच, दोऱ्या ओढणारा हात वेगळाच. शिवाय खांदा आणि मनगट स्थिर नसेल तर बोटं बिचारी काय करणार? म्हणून चढणं, लोंबकळणं, बादली उचलणं, कणीक तिंबणं हे आधी.

आता अडीच वर्षं. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं. दोन-तीन वर्षांचं झालं की तळवा खाली येतो, बोटं कागदाकडे वळतात. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारला दिसते, पण तेव्हाही अख्खा हात हलतो. खडू नुसत्या बोटांनी फिरवणं त्याच्याही पुढचं, साडेचार ते सहाच्या दरम्यानचं. म्हणजे रेषेच्या आत राहायला जी हालचाल लागते, तीच अडीच वर्षांच्या हातात अजून आलेली नसते.

(याच्या उलट टोकाचा मजकूरही फिरतो. लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे दाखवायचा, मनगटाची हाडं अजून दिसत नाहीत म्हणायचं आणि सात वर्षांपर्यंत पेन्सिलच नको असं ठोकून द्यायचं. मनगटाच्या आठ हाडांपैकी शेवटचं, वाटाण्याएवढं हाड एक्स-रेत दिसायला बहुतेकदा नऊ-दहा वर्षं लागतात. मग काय तिसरी-चौथीपर्यंत लिहायचंच नाही?)

"रेषेच्या आत"चं काय होतं ते सांगते. आमच्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा आंबा रंगवत होता. कोपर हवेत, खडू इतका आवळलेला की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. डावा हात मांडीवर, त्यामुळे कागद सरकतोय. रंग जरा बाहेर गेला आणि त्याने झटकन त्यावर तळहात ठेवून माझ्याकडे पाहिलं. घरी बाहेर गेलेलं खोडून पुन्हा करायला लावतात, हे नंतर कळलं. मी त्याचा मेणखडू मोडला, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा हातात दिला आणि कोरा कागद भिंतीला चिकटवला. एवढासा तुकडा मुठीत धरता येतो कसला, तीन बोटं आपोआप पुढे येतात. उभ्या कागदावर मनगटही आपसूक मागे वळतं, लिहिताना हवं असतं तसं. त्याची आई मात्र नवाकोरा खडू मोडला म्हणून हळहळली!

मोत्यासारख्या अक्षराचा दावा सगळ्यात गोड आणि सगळ्यात पोकळ. रंग भरताना हात नुसता इकडून तिकडे घासला जातो. अक्षराला सुरुवात लागते, दिशा लागते, वळण लागतं, नेमकं थांबणं लागतं. "ख"ची गाठ किंवा "ळ"ची दोन पोटं रंग भरून येत नाहीत. इथे कुणी मॉन्टेसोरी पद्धतीचा दाखला देईल: तिच्यातही मुलं आकृतीत रेघा भरतातच की. भरतात, पण धातूच्या साच्याच्या कडेने आकृती आधी स्वतः काढून. आणि त्याच्याही आधी ठोकळ्याच्या खाचांत बसणाऱ्या लाकडी दट्ट्यांच्या मुठी तीन बोटांत धरून उचल-ठेव करण्यात बरेच महिने गेलेले असतात. छापील आंबा हातात देऊन कुणी सुरुवात करत नाही.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आजूबाजूला सापडणाऱ्या बिया, खडे, पानं हीच तिथली साधनं. घरात तर आणखी किती आहे! रांगोळीची चिमूट सोडणं, वाती वळणं, झेंडूची फुलं ओवणं, सागरगोटे. गव्हले वळताना अंगठा आणि तर्जनी जे करतात ते कुठल्याही रंगवहीत नाही.

टॅबवर बोट टेकवलं की आंबा पिवळा होतो. दाब नाही, पकड नाही, घर्षण नाही. त्यावर जास्त लिहायला नको.

विचारणाऱ्या ताईंना मी एवढंच कळवलं: "वही राहू द्या, मुलाला हवी तेव्हा तो घेईल. आज संध्याकाळी मेथीची जुडी आणा आणि खुडायला त्याला शेजारी बसवा."