फोन कॉलवरून गाडी उघडत नाही, आणि सेल उकडायचा नसतो

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो मेसेज फिरून फिरून तिसऱ्यांदा माझ्याकडे आलाय. "इलेक्ट्रिक स्पोर्ट्स गाडीची चावी चालत नाही? शोरूमला पैसे देऊ नका, हे सहा उपाय करा." पहिल्या दोन वेळेला मी गप्प बसलो, म्हटलं मावशीकडे कुठे आलीय स्पोर्ट्स गाडी. पण तिच्या मुलाच्या हातात आहे. त्याची नव्हे, गोव्यात आसगावला एका दिल्लीवाल्याचा बंगला आहे तिथे तो ड्रायव्हर, आणि मालक नसताना ती दोन दारांची बुटकी गाडी आठवड्यातून एकदा फिरवून आणायची हे त्याचं काम. गेल्या रविवारी घरी फोंड्याला येताना पठ्ठ्याने चौथा उपाय करून बघितला. फर्मागुडीला, रस्त्याच्या कडेला, भर पावसात. मी वीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तेव्हा फोन मलाच आला.

म्हणून चौथ्यापासूनच सुरू करतो. मेसेज म्हणतो: "लॉक नीट चालत नसेल तर पुढच्या बॉनेटखालच्या छोट्या बॅटरीची मायनस वायर काढा, बॉनेट आणि सगळी दारं बंद करा, दहा मिनिटं थांबा, कॉम्प्युटर रीसेट होतो."

वायर काढून दहा मिनिटं थांबणं हे जुन्या गाड्यांत आम्हीपण करतो, नाही असं नाही. पण "बॉनेट बंद करा" हे ज्याने लिहिलं त्याने असली गाडी जवळून बघितलेलीच नाही. या गाडीच्या बॉनेटला ओढायची केबल नाही, लॅच मोटरवर उघडतो, आणि त्या मोटरला करंट कुठून येतो? तुम्ही आत्ताच जी काढली त्याच बॅटरीतून. दाराच्या मुठी बॉडीत घुसलेल्या, त्या बाहेर येतात तेपण त्याच करंटवर. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले ते गड घ्यायला, आमच्या या पठ्ठ्याने कापले ते कशाला हे त्यालापण सांगता आलं नाही. त्यात रिमोट सीटवर राहिलेला. रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, दाराच्या मुठीजवळ छोट्या झाकणाखाली तिचं भोकपण असतं, अडचणीच्या वेळी त्यानेच दार उघडायचं. पण चावी आत आणि हा बाहेर, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन.

मी स्कूटरने गेलो, सोबत मोटरसायकलची एक चार्ज केलेली बॅटरी आणि दोन वायरी. पुढच्या बंपरवर टो-हुकचं, म्हणजे गाडी ओढून न्यायच्या हुकाचं, गोल झाकण असतं, ते नखाने उचकटलं की काही मॉडेलांत आत लाल-काळी अशी दोन टोकं गुंडाळून ठेवलेली मिळतात, नशिबाने यातपण होती. ती फक्त बॉनेटचा लॅच उघडण्यापुरती, त्यातून गाडी चार्ज वगैरे होत नाही. लालला प्लस, काळीला मायनस लावलं, टक्क आवाज झाला, बॉनेट बोटभर वर आलं. दहा नंबरच्या पान्याने मायनस परत बसवली, मुठी बाहेर आल्या. एकच नुकसान, या गाडीच्या काचेला फ्रेम नाही, दार उघडता-लावताना काच आपोआप थोडी खाली सरकते, करंट नसताना दार आपटल्यामुळे ती सरकली नाही आणि वरच्या रबराला बोटभर चीर गेली. ते रबर मागवावं लागणार, आणि मालकाला काय सांगायचं यावर अजून घरात चर्चा चालू आहे.

मुळात त्या गाडीला काय झालं होतं? रिमोटचा सेल संपला होता. बस.

लोक इथेच घोळ करतात आणि मेसेजपण तोच करतो. या गाडीत बॅटऱ्या तीन. रिमोटमधला बटण-सेल, बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि खालची मोठी जिच्यावर गाडी पळते. लॉक, मुठी, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं बारा व्होल्टवर. गाडी बंद करून ठेवली की मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या स्विचने बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते, म्हणून ऐंशी टक्के चार्ज असूनसुद्धा बारा व्होल्ट झोपली तर दार उघडत नाही. रिमोट मेला असेल तर दार लोखंडी चावीने उघडतं आणि आत ठरलेल्या जागी रिमोट टेकवला की गाडी चालूपण होते. तीनपैकी कोण मेलं ते आधी बघा, पान्याला हात नंतर.

आता पहिला उपाय, ज्याच्यावर सगळे खूश आहेत. "चावी गाडीत राहिली तर घरी फोन लावा, घरच्यांना दुसरी चावी फोनजवळ धरून बटण दाबायला सांगा, तुम्ही तुमचा फोन दाराजवळ धरा, गाडी उघडेल." अरे, फोन आवाज नेतो. साध्या कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. रिमोट बोलत नाही की शिट्टी मारत नाही, तो सोडतो रेडिओ लहर, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला त्रेचाळीस कोटींच्या वर कंपनं. फोनच्या माईकला त्यातलं फक्त बटणाचं "टिक" ऐकू जातं. त्या टिकवर गाडी उघडायला लागली तर म्हापशाच्या बाजारात कुणीतरी पेन उघडलं तरी अख्खं पार्किंग उघडेल.

माझी वहिनी म्हणते, आमची उघडली होती! उघडली असेल वहिनी, तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि गाडी बरोबर खाली. रिमोटची लहर वीस-तीस मीटर सहज जाते. फोन नसता तरी उघडली असती.

पाचवा मुद्दा मात्र, नाइलाजाने सांगतो, अर्धा बरोबर आहे. "चोर दुरून चावीचा सिग्नल पकडतात, चावी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा." झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०११ साली हे करून दाखवलंय, आठ कंपन्यांची दहा मॉडेलं घेतली आणि दहाच्या दहा उघडली. खिशात रिमोट ठेवून दार उघडणाऱ्या गाड्यांत गाडी आधी हाक मारते, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, ती हाक जेमतेम मीटर-दोन मीटर पोचते, आणि रिमोट मघाच्या मेगाहर्ट्झवाल्या लहरीवर "ओ" देतो. चोर ती हाक दुसऱ्या अँटेनाने लांब नेतो आणि घरात पडलेल्या रिमोटला वाटतं गाडी शेजारीच आहे. चावीला धातूचं आवरण घाला हे त्या लोकांनीच सुचवलंय. म्हणजे मेसेजवाल्याचा दगड अंधारात बरोबर लागला. पण पुढे तो म्हणतो "इलेक्ट्रिक गाड्यांनाच हा धोका". त्या दहा गाड्या इलेक्ट्रिक म्हणून निवडलेल्या नव्हत्या, बटण दाबून चालू होणाऱ्या म्हणून होत्या, आणि असली पेट्रोल गाडी आज कुणाकडेही दिसेल. आणि फॉइल सुटलं, फाटलं की संपलं, झाकणाचा स्टीलचा डबा बरा, त्यातसुद्धा चावी ठेवून, डबा गाडीजवळ धरून, गाडीचं दार ओढून बघा, उघडलं तर डबा बदला.

तिसरा, "मोठी बॅटरी संपली की माणूस आत कोंडला जातो, म्हणून काच नेहमी अर्धी उघडी ठेवा". गोव्यात, जून ते सप्टेंबर. छान. कोंडला जाण्याची भीती खोटी नाही, २०१५ साली टेक्सासमध्ये एक म्हातारा गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा गाडीतच उष्म्याने गेले. पण ती पेट्रोलवरची स्पोर्ट्स कार होती, बॅटरीची केबल सैल होऊन इलेक्ट्रिक लॉक बंद पडले होते आणि हाताने ओढायचा खटका सीटजवळ खाली होता तो त्यांना सापडला नाही. म्हणून काच उघडी ठेवून उपयोग नाही, तो खटका कुठे आहे ते एकदा दिवसाउजेडी हाताने चाचपून ठेवा, बाजूला बसणाऱ्यालापण दाखवा.

सहाव्यात "खाऱ्या हवेने सिग्नल मरतो" असं काहीतरी आहे. सिग्नल नाही मरत, सेलच्या पत्र्याला हिरवट गंज धरतो, खोडरबराने घासला की काम झालं.

राहिला दुसरा, आणि तो मावशीने स्वतः करून बघितला म्हणून माझं टाळकं सटकलं. "सेल वीक झाला तर पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, परत चार्ज होतो." सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, आत लिथियम, परत चार्ज होत नाही. तापवला तर फुटू शकतो. तिने चहाच्या टोपात घातला होता, आणि घरात दोन वर्षांचं पोर. असला सेल पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते, थेट हॉस्पिटल, "बघू संध्याकाळपर्यंत" नाही. नवा सेल शंभराच्या आत मिळतो गं मावशी. फक्त पोरांनी गिळू नये म्हणून कडू लेप लावलेले येतात ते काही-काही रिमोटमध्ये कॉन्टॅक्ट धरत नाहीत, नवा घालूनपण चालला नाही तर आधी तेच बघायचं.

आणि तू रे, चवथीला येशील तेव्हा रिमोट घेऊन ये, आतली लोखंडी चावी कशी काढायची ते दाखवतो. टो-हुकचं झाकण माझ्या रेनकोटच्या खिशातच राहिलंय, तेपण घेऊन जा, मालक येण्याआधी.