पेल्लाचा शाप आणि तेरेखोलचे दोन काठ

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीहून पश्चिमेकडे सुमारे 40 किलोमीटरवर पेल्ला आहे. मॅसिडोनियाचा राजा फिलिप आणि त्याचा मुलगा अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, यांची ही राजधानी. नऊ वर्षांपूर्वी मी थेस्सालोनिकीत नोकरीसाठी आलो, तेव्हापासून गावाकडून कोणीही पाहुणा आला की मी त्याला पेल्लाला नेतो. पाहुण्यांना तिथली खड्यांची चित्रे आवडतात. मी मात्र दर वेळी एका शिशाच्या पातळ पत्र्यासाठी जातो. हा पत्रा 1986 मध्ये इथल्या एका कबरीत गुंडाळलेल्या अवस्थेत सापडला. त्याच्यावर अणकुचीदार टोकाने कोरलेल्या नऊ ओळी आहेत. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या एका बाईने केलेली ती करणी आहे. दिओनिसोफोन नावाच्या पुरुषाचे थेतिमा नावाच्या स्त्रीशी लग्न होऊ नये म्हणून तिने हे लग्न बांधून टाकले आहे आणि माक्रोन नावाच्या मृताच्या व भुताखेतांच्या हवाली केले आहे. मी स्वतः हा पत्रा पुन्हा उकरून, उलगडून वाचीन तेव्हाच त्याचे लग्न होवो, त्याआधी नको, आणि त्याच्यासोबत म्हातारी होण्याचे भाग्य दुसऱ्या कोणाला नव्हे, मला मिळो, असे तिचे मागणे आहे.

प्राचीन मॅसिडोनियन लोक कोणती भाषा बोलत, या प्रश्नावर आज आपल्या हाती असलेला सर्वात मोलाचा पुरावा म्हणजे या अज्ञात बाईचा हा मत्सर आहे. मॅसिडोनियाच्या राजांनी इसवी सनपूर्व चौथ्या शतकात कारभारासाठी अथेन्सची अ‍ॅटिक बोली स्वीकारली होती, त्यामुळे राजाज्ञा, दानलेख आणि तह वाचून लोकांच्या तोंडची भाषा कळत नाही. शापाचे तसे नसते. अथेन्सचा माणूस ‘तेव्हा’ या अर्थी ‘तोते’ म्हणाला असता, ही बाई ‘तोका’ लिहिते; जिथे अ‍ॅटिकमध्ये ‘ए’ यावा तिथे तिच्या लेखात लांब ‘आ’ येतो. ही वायव्य ग्रीसमधल्या डोरिक बोलींची लक्षणे आहेत, तरी या बोलींपैकी कोणत्याही एकीशी तिची भाषा तंतोतंत जुळत नाही. आपल्याकडच्या परळच्या शिलालेखाची इथे आठवण होते. शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, 1187 च्या सुमाराचा तो लेख संस्कृतात आहे, पण दान मोडणाऱ्याला द्यायचा शिवराळ शाप मात्र मराठीत आहे. शाप लागायचा असेल तर तो देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जिभेवरच्या भाषेत हवा, हे बहुधा सगळीकडचेच शहाणपण असावे.

हा वाद इथे केवळ विद्वानांपुरता नाही. 21 जानेवारी 2018 रोजी थेस्सालोनिकीच्या समुद्रकाठी श्वेत मनोऱ्याजवळ प्रचंड मोर्चा निघाला. 1991 मध्ये युगोस्लाव्हियापासून स्वतंत्र झालेल्या शेजारी देशाने ‘मॅसिडोनिया’ हे नाव लावू नये, ते ग्रीकांचे आहे, ही मागणी होती. आमच्या इमारतीतल्या एक वृद्ध बाई निळापांढरा झेंडा घेऊन त्या मोर्चाला गेल्या होत्या. त्यांची आजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीत काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, इथे आली. ती पोंटिक ग्रीक बोलत असे. पोंटिकमध्ये ‘नाही’ला ‘कि’ म्हणतात, इथल्या प्रमाण ग्रीकमध्ये ‘देन’. शाळेत आणि बाजारात आजीच्या या ‘कि’ला लोक हसत आणि तिला तुर्काची औलाद म्हणत, हे सांगताना बाईंचा आवाज आजही बदलतो. ग्रीक असण्याचे प्रमाणपत्र ज्या घराला एकदा मागितले गेले, त्या घराला या नावाविषयी इतके का वाटते, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजले, वर्तमानपत्रे वाचून समजले नव्हते.

तरीही बाईंचा मुद्दा आणि भाषाशास्त्राचा मुद्दा एक नाही. मॅसिडोनियन ही ग्रीकची बोली होती की ग्रीकची सख्खी बहीण असलेली वेगळी भाषा, यावर गंभीर अभ्यासकांत दीर्घ मतभेद राहिले आहेत, आणि त्याचे कारण ठोस आहे. अलेक्झांड्रियाच्या हेसीखिओसने पुढे कित्येक शतकांनी केलेल्या कोशात जे शब्द मॅसिडोनियन म्हणून नोंदले आहेत, त्यांतल्या काहींत ग्रीकच्या ‘फ’, ‘थ’, ‘ख’ या महाप्राण ध्वनींच्या जागी ‘ब’, ‘द’, ‘ग’ दिसतात. मरणाला ग्रीक ‘थानातोस’ म्हणतात, तिथे मॅसिडोनियन ‘दानोस’. फिलिप्पोसला मॅसिडोनियन लोक ‘बिलिप्पोस’ म्हणत. ‘फेरेनिके’, म्हणजे विजय आणणारी, हे नाव त्यांच्याकडे ‘बेरेनिके’ झाले आणि तिथूनच जगभर पसरले. भुवईचा शब्द मला फार आवडतो: ग्रीक ‘ओफ्रिस’, मॅसिडोनियन ‘अब्रूतेस’, आणि संस्कृत ‘भ्रू’, जी मराठीत ‘भुवई’ होऊन उरली. मूळ ‘भ’ ग्रीकमध्ये ‘फ’ झाला. मॅसिडोनियनमध्ये तो स्वतंत्र वाटेने ‘ब’ झाला असेल तर ती वेगळी भाषा ठरते, आणि ‘फ’चाच पुढे ‘ब’ झाला असेल तर ती बोली ठरते. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचल्यावर माझा कौल बोलीच्या बाजूने पडतो, कारण शिशाच्या पत्र्याचे व्याकरण ग्रीक आहे, आणि भाषेचे नाते ठरवताना सुटे शब्द व ध्वनी यांच्यापेक्षा व्याकरणाचा साचा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. एक लेख म्हणजे सगळे राज्य नव्हे आणि ती बाई परगावाहून आलेली असू शकेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तिच्या भाषेचा दुसऱ्या कोणत्याही ज्ञात बोलीशी पूर्ण मेळ बसत नाही, हेच मला त्याचे उत्तर वाटते.

प्राचीन काळी तरी हा प्रश्न भाषेवर कुठे सुटला होता? ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की मॅसिडोनियाचा पहिला अलेक्झांडर, सिकंदराचा पूर्वज, ऑलिंपियात धावायला उभा राहिला, तेव्हा ही स्पर्धा ग्रीकांचीच आहे, असा आक्षेप इतर स्पर्धकांनी घेतला, आणि आपले घराणे आर्गोस या ग्रीक शहरातले आहे, हे सिद्ध केल्यावरच त्याला परवानगी मिळाली. पुरावा वंशावळीचा मागितला गेला, बोलण्याचा नव्हे. पुढे अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने फिलिपला ग्रीक तर नाहीच, पण बऱ्या मुलखातला परकाही नव्हे, असे म्हटले. त्याला अथेन्स वाचवायचे होते, व्याकरण शिकवायचे नव्हते. मला सर्वात अस्वस्थ करतो तो रोमन इतिहासकार कर्टियस रूफसने रंगवलेला इसवी सनपूर्व 330 चा खटला. सेनापती पार्मेनिओनचा मुलगा फिलोतास राजद्रोहाच्या आरोपाखाली सैन्यापुढे उभा आहे. आपल्या मातृभाषेत बोलणार का, असे अलेक्झांडर विचारतो. इथे मॅसिडोनियन नसलेलेही पुष्कळ आहेत, त्यांना समजावे म्हणून तू बोललास त्याच भाषेत बोलतो, असे फिलोतास म्हणतो, आणि हेच त्याच्याविरुद्ध वापरले जाते. मग एक साधा, लष्करात वाढलेला अधिकारी उठून सांगतो की हा माणूस मॅसिडोनियन असूनही आपल्याच भाषेच्या लोकांचे बोलणे दुभाष्यामार्फत ऐकायचा, आणि त्याची त्याला लाज वाटत नसे.

हे वाचताना मला माझी शाळा आठवते. मी सिंधुदुर्गातला, तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरचा. घरी ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ आणि वर्गात ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’. वर्गात ‘माका’ निसटले की हशा पिकायचा. आमच्या मालवणीला मराठीचे अभिमानी मराठीची बोली म्हणतात, कोंकणीचे अभिमानी कोंकणीची, आणि बोलणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. गोव्यात ‘कोंकणी ही मराठीची बोली’ हे वाक्य 1967 च्या जनमत कौलाच्या काळात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने वापरले गेले, म्हणून ते आजही तिथे दुखते. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, 1992 मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तरी गोव्याच्या राजभाषेवरून वाद पेटला की तेच वाक्य पुन्हा निघते आणि त्याला तितक्याच तावातावाने उत्तर दिले जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला इथे बसून मनापासून आनंद झाला. पण या आनंदात कोंकणीला पुन्हा धाकटी ठरवणारे संदेश गावाकडच्या मित्रांनी पाठवले, तेव्हा वाईट वाटले. कोंकणी आणि मराठी जवळच्या आहेत, हे भाषाशास्त्राचे विधान आहे. म्हणून एकीने दुसरीच्या नावाखाली राहावे, ही मागणी आहे. पहिल्याच्या पोटात दुसरी दडवून ठेवल्यामुळे आज गोव्यातला सुशिक्षित माणूस पहिले विधानही संशयाने ऐकतो, आणि याची जबाबदारी आपण मराठी माणसांनी घेतली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराकाठच्या प्सारादेस गावात ग्रीस आणि नावाच्या वादातला त्याचा शेजारी देश यांनी केलेला करार मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचतो. शेजाऱ्यांचे नाव त्याने ‘उत्तर मॅसिडोनिया’ केले. त्याच्या सातव्या कलमात ‘मॅसिडोनिया’ या शब्दाचा दोन्ही पक्षांना अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा आहे, हे सरळ लिहून ठेवले आहे. उत्तरेकडची मॅसिडोनियन भाषा दक्षिण स्लाव्ह गटातली आहे आणि प्राचीन ग्रीक संस्कृतीशी तिचा संबंध नाही, हेही नोंदले आहे. आणि तरीही त्या भाषेचे नाव ‘मॅसिडोनियन’ असेच राहू दिले आहे. ग्रीक संसदेत 300 पैकी 153 मतांनी हा करार मंजूर झाला. आमच्या शेजारच्या बाईंना तो आजही मान्य नाही आणि सीमेपलीकडेही पुष्कळांना तो बोचतो. मला त्यात सोडवणूक दिसते, कारण नाते काय आहे आणि नाव कोणाचे आहे, या दोन प्रश्नांना त्यात दोन वेगळी उत्तरे दिली आहेत.

माझी मावशी नदीपलीकडे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात दिली आहे. येत्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात आई ‘मराठी’ सांगेल आणि मावशी ‘कोंकणी’. गेल्या रविवारी फोन लावला तेव्हा दोघी आईच्या अंगणात बसून सोलांचे आगळ काढत होत्या आणि मावशी आईला ‘गे’ म्हणून काहीतरी दटावत होती. पन्नास वर्षे झाली, त्या दोघींना एकमेकींशी बोलताना दुभाष्या लागलेला नाही.