‘आधी पोलिसांत जा’ हे खरं नाही

नाशिकमधल्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एफआयआर नसेल तर कॉलेज छेडछाडीची तक्रार घेत नाही, आणि आरोप सिद्ध झाला नाही तर मुलीवरच कारवाई होते.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्याकडे लेखी अर्ज पुरतो, एफआयआर लागत नाही. पोलिसांत जायचं असेल तर तो मार्ग वेगळा. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

दुसरा मुद्दा जास्त घातक, कारण त्यानेच मुली गप्प बसतात. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. मुलीवर कारवाई करायची तर ती मुद्दाम खोटं बोलल्याचं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

‘गेटबाहेर घडलं, आमचा संबंध नाही’ हेही ऐकून घेऊ नका. सातपूर-अंबडच्या कंपनीतली इंटर्नशिप, सहलीची बस, गॅदरिंग, सगळं नियमात येतं. मुलगेही तक्रार करू शकतात.

मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर नसतील (बऱ्याचदा त्यावर परीक्षेचं जुनं वेळापत्रकच असतं), तर ऑफिसात मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.