म्हणे जुन्या इनिट स्क्रिप्ट बऱ्या होत्या

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत परत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्ट साध्या होत्या, त्यांच्या जागी आलेल्या सिस्टमडीने सगळं पीआयडी 1 मध्ये (कर्नल सगळ्यात आधी सुरू करतो ती प्रोसेस) कोंबलं, लॉग साध्या टेक्स्टऐवजी बायनरी करून ठेवले, आणि सर्व्हर वर्षातून एकदा रीबूट होतो तर फास्ट बूटचं कौतुक कशाला.

साध्या होत्या? दीडशे ओळींची शेल स्क्रिप्ट, त्यातल्या निम्म्या स्टार्ट-स्टॉप-स्टेटसच्या, आणि सगळी भिस्त कशावर तर प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेल्या पीआयडी फाइलवर. प्रोसेस मेली तरी फाइल तिथेच राहते, मग तोच नंबर दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसला मिळतो आणि तुम्ही स्टॉप मारला की भलतीच मरते. सर्व्हिसने फोर्क करून पोरं, म्हणजे आणखी प्रोसेस, काढली असतील तर त्यांचा तर पत्ताच नाही. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला वेगळ्या सीग्रुपमध्ये (कर्नलने सांभाळलेला प्रोसेसचा गट) टाकतं, मग ती किती का वेळा फोर्क होईना, हिशोब कर्नल ठेवतो.

दुसरं, स्क्रिप्ट हाताने चालवली की तुमच्या शेलचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या जागा), युमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या), युलिमिट (वापराच्या मर्यादा) यातलं बरंच काही गुपचूप सोबत जातं. माझी एक अख्खी रात्र यात गेलीय, जावाचा पाथ माझ्या प्रोफाइलमध्ये होता त्यामुळे हाताने मस्त चालायचं आणि रीबूटनंतर ढिम्म. सिस्टमडीच्या कमांडने सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हटलं की तुमचा शेल फक्त निरोप देतो, प्रोसेस सुरू करतो पीआयडी 1, त्यामुळे हाताने काय नि बूटला काय, वातावरण तेच.

पीआयडी 1 मध्ये सगळं कोंबलं हे अर्धंच खरं. जर्नलडी (लॉग), लॉगिनडी (लॉगिन), युडेव्हडी (डिव्हाइस) या वेगळ्या प्रोसेस आहेत, नेटवर्कडी आणि रिझॉल्व्हडी (डीएनएस) तर नको असेल तर बंद ठेवा. पण प्रोजेक्ट अवाढव्य आहे हे मान्य. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीतलं बॅकडोअर एसएसएचडीपर्यंत (रिमोट लॉगिनचा सर्व्हर) पोचलं ते काही लिनक्स डिस्ट्रोंनी त्यात "मी तयार आहे" एवढं कळवायला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेड आलं म्हणूनच, आणि एवढं कळवायला लायब्ररी लागतच नव्हती, सॉकेटवर एक ओळ लिहिली की भागतं! इथे टीका करा, मी पण करतो.

बायनरी लॉगचं रडगाणं मात्र पुरे. आरसिसलॉग हा लॉगचा प्रोग्रॅम लावा, टेक्स्ट फाइल पूर्वीसारख्याच मिळतात. खरी गोची वेगळीच आहे, वार-लॉगमध्ये (/var/log) जर्नल नावाचा फोल्डर नसेल तर ऑटो सेटिंगमध्ये जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग, रॅममध्ये राहतो आणि रीबूटला साफ. फोल्डर बनवा नाहीतर स्टोरेज पर्सिस्टंट करा.

फास्ट बूट सर्व्हरला बिनकामाचं, कबूल. पण दुखणं बूटचं नाहीच, पहाटे 3 ला सर्व्हिस मेली तर उठवणार कोण? जुनं इनिट फक्त इनिटटॅब या सेटिंग फाइलमधल्या गोष्टी परत उठवायचं, आरसी स्क्रिप्टवाल्यांना (म्हणजे याच इनिट स्क्रिप्टने सुरू झालेल्या सर्व्हिसना) कोणी वाली नव्हता. सिस्टमडीत सर्व्हिसच्या फाइलमध्ये रीस्टार्ट ऑन-फेल्युअर ही एक ओळ पुरते. पण सांभाळून, ही ओळ आपण होऊन नसते, आणि लिहिली तरी दोन प्रयत्नांत जेमतेम 100 मिलिसेकंदांचं अंतर असतं, 10 सेकंदांत 5 स्टार्ट झाले की सिस्टमडी हात वर करतं. म्हणजे डेटाबेस यायला मिनिट लागलं तर तुमची सर्व्हिस त्याआधीच फेल होऊन पडलेली. म्हणून रीस्टार्टसेक (दोन प्रयत्नांतलं अंतर) 5-10 सेकंद ठेवाच.

आणि हे सगळं युनिक्सच्या विरुद्ध वगैरेही म्हणतात... याच कामाची सोलारिस या युनिक्सचं एसएमएफ आणि मॅकचं लाँचडी दोन्ही 2005 ची, सिस्टमडी 2010 चं. स्क्रिप्टला कंटाळलेले लोक आधीपासूनच होते.

सिस्टमडी आवडतच नसेल तर रनिट हा दुसरा पर्याय वापरा, काही हरकत नाही. फक्त तिथेही प्रत्येक सर्व्हिसच्या डोक्यावर एक रनएसव्ही नावाची राखण करणारी प्रोसेस बसलेली असते आणि सर्व्हिस मेली की तीच परत उठवते.