लोखंडी मॅगझिन घरून धाडायचं म्हणे!

परवा औशाहून बहिणीचा फोन. रडकुंडीला आलेली. "दादा, आपल्या लेकराला पलास्टिकचं मॅगझिन देलंय म्हनं. इथून लोखंडी घेऊन धाडावं का?" भाचा फौजेत आहे. मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून लावायची गोळ्यांची डबी. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकलेला: प्लास्टिकचं मॅगझिन उन्हात वितळतं, बर्फात तडकतं, लोखंडी कधीच दगा देत नाही, तेव्हा घरच्यांनी पोरांना लोखंडी विकत घेऊन पाठवावं. खाली 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'. पोचलं बाबांनो. बहीण दोन दिवस धड जेवली नाही.

आधी ते विकत घेऊन पाठवण्याचं. मॅगझिन म्हणजे काय मोंढ्यात मिळणारं खुरपं आहे का? फौजी रायफलीचा भाग कुणी चोरून विकलाच, तर देणारा आणि घेणारा दोघंही ठाण्यात बसतील. पोरगं तरी ते लावणार कुठं? कोतातून, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यातून, सही करून जे मिळतं तेच वापरायचं असतं. असला सल्ला देणाऱ्याला आईची काळजी नाही, फॉरवर्डची हौस आहे.

उन्हाचं एका ओळीत. चांगली मॅगझिनं काचतंतू घातलेल्या नायलॉनची असतात, ते 200 अंशांच्या वर वितळतं. आपला मे महिना 44-45 चा.

थंडीचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मानतो. कारगिलला, 1999 मध्ये, इन्सास या आपल्या फौजी रायफलीची प्लास्टिक मॅगझिनं थंडीत तडकल्याच्या तक्रारी होत्या. पण तो दोष त्या मॅगझिनचा, सगळ्या प्लास्टिकचा नव्हे. बाजारातली घागर उन्हानं दोन वर्षांत फुटते, शेतातली ठिबकची काळी नळी वर्षानुवर्षं उन्हात पडून राहते. दोन्ही प्लास्टिकच ना? सोव्हिएत रशियानं 1974 ची एके-74 रायफल काढली तेव्हा तिला मॅगझिन प्लास्टिकचंच दिलं. सैबेरिया ज्यांच्या घरात, त्यांना थंडी कळत नव्हती? आपल्या फौजेच्या एके-203 रायफलीचं मॅगझिनही प्लास्टिकचंच.

आता 'लोखंडी कधीच दगा देत नाही'. मी फौजेतली जुनी एसएलआर रायफल वापरलीय, 20 गोळ्यांचं लोखंडी मॅगझिन. एकदा गाडीतून उतरताना ते हातातून सुटून दगडावर आपटलं. वरून काहीच दिसेना, म्हणून तसंच ठेवलं. फायरिंगला तिसऱ्या गोळीला रोक पडली, म्हणजे रायफल अडकली. फौरी इलाज केला, म्हणजे ती झटपट मोकळी केली, पुन्हा रोक. हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररनं मॅगझिन उजेडात धरून दाखवलं: गोळी धरून ठेवणारा वरचा एक ओठ केसभर आत वाकलेला. प्लास्टिक एक तर मार खाऊन पुन्हा जागेवर येतं, नाहीतर तडकतं, आणि तडा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो. लोखंड वाकतं आणि गप्प बसतं. पावसाळ्यात तेलाची चिंदी फिरवायला विसरलात तर गंज वेगळाच. पत्र्याला पोचा पडला की आतला प्लॅटफॉर्म, म्हणजे गोळ्या वर ढकलणारी पट्टी, अडकतो. आणि स्प्रिंग? ती दोन्हींत पोलादाचीच.

वजनाचं तर मेसेजात नावच नाही. एकेचं रिकामं लोखंडी मॅगझिन साधारण 330 ग्रॅम, प्लास्टिकचं 250 च्या आसपास. सहा-सात मॅगझिनं अंगावर घेऊन डोंगर चढा, मग बोलू.

मेसेज टाकणाऱ्या पाव्हण्याला ग्रुपवर विचारलं, "तुम्ही कधी मॅगझिन हातात धरलंय का?" त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.